दिगूनाना आणि पाच फूट एक

दिगूनाना राऊताच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, लाल खडू असतो. कंपनीतून निवृत्त होताना माणसं घड्याळ घेऊन येतात, शाल-श्रीफळ घेऊन येतात. हा गृहस्थ क्वालिटी खात्यातला अर्धा डबा लाल खडू घेऊन आला आणि तेव्हापासून बोईसरभर फुल्या मारत फिरतो. सोसायटीच्या नव्या फाटकावर फुली, कारण डावी बाजू उजवीपेक्षा दोन सूत खाली. भाजीवालीच्या दुधीवर फुली, कारण दुधी वाकडा. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी वरच्या मजल्यावर गेलो, तर याने ती आधी उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "छपाई तिरकी हाय. रिजेक्ट." आणि मारली फुली. बरोबर मुलीच्या नावावर!

मी त्याला एकेरीत का संबोधतोय, असं कुणाला वाटेल. तोंडावर आम्ही 'अहो नाना'च म्हणतो. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे. पण पाठीमागे त्याला कुणी अहो-जाहो केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, आणि हे मागेच चाललंय.

तारापूर एमआयडीसीत आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. पाइपाचे जोड बनायचे तिथे. मी स्टोअरला, तो क्वालिटीला. मी अजून तिथेच आहे, तो सुटला. खरं म्हणजे कंपनी सुटली. सहा फूट एक इंच उंच, अंगावर मांस नाही, मान पुढे काढून चालायचा. लांबून तो येताना दिसला की मशीनवरची पोरं हातातला जोड खाली ठेवून मोकळी व्हायची. कारण तो काय बोलणार ते पाठ होतं. "मापात नाय. पुढचा लॉट दाखवा."

लग्न झालं नाही. होणार कसं? उमरोळीला मुलगी बघायला गेला होता. पोहे झाले, चहा झाला, सगळं जुळत आलं. निघता निघता याने मुलीच्या वडलांना सांगितलं, की तुमच्या ओट्याच्या पायऱ्या सारख्या नाहीत, तिसरी अर्धा इंच जास्त आहे, कुणीतरी पडेल. वडलांनी त्याच पायऱ्यांवरून त्याला खाली उतरवला. पुन्हा कुणी बोलावलं नाही.

अशा माणसामुळे आमच्यात एक रीत पडली. नाना जे म्हणेल त्याच्या उलट बाकीच्यांनी म्हणायचं. त्यात विचार वगैरे करायचा नाही. इमारतीला रंग द्यायचा होता. सगळ्यांच्या मनात फिकट पिवळा होता, पण सभेत नाना आधी उठला आणि म्हणाला, "फिकट पिवळा चांगला." झालं! सगळ्यांनी हात वर करून पोपटी मंजूर केला. चार वर्षं झाली, आम्ही पोपटी इमारतीत राहतोय. रिक्षावाले आम्हाला 'मिरची बिल्डिंग' म्हणतात. पण नानाचं ऐकलं नाही, एवढं समाधान आहे.

आता बास्केटबॉल. बोईसरात आणि बास्केटबॉल? हो. मैदानाच्या कोपऱ्यात एक कोर्ट आहे आणि समोर शुक्लाजींची चहाची टपरी. अमेरिकेतले सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. तिसरी पाळी सुटलेली माणसं घरी जाऊन झोपण्याआधी तिथे टेकतात, बरणीला फोन टेकवून सामना लावतात. अरविंद मेहेर, आमच्याच कंपनीतला क्रेनवाला, मूळचा जवळच्या मुरबे गावचा, त्याने ही सवय लावली. मग मी चिकटलो. आणि मग एक दिवस मागून आवाज आला, "रिंगची उंची बरोबर हाय काय यांच्या?" नाना आला होता. आमच्या सकाळीला लागलेलं ते ग्रहण आजतागायत सुटलेलं नाही.

आयुष्यात कधी बॉल हातात धरलेला नाही, पण अक्कल पाजळायला सगळ्यांच्या पुढे. अमेरिकेत दर वर्षी नवे खेळाडू संघ आळीपाळीने निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. एका संघाने कुणीतरी बुटका गार्ड घेतला. गार्ड म्हणजे बॉल घेऊन पुढे येणारा, खेळ चालवणारा. त्यावर टपरीवर आठवडाभर रण माजलं. नानाचं म्हणणं एकच. "सहा फुटाच्या खाली तो खेळाडू नाय, स्टूल हाय. स्टूल कितीबी पळवा, फळीवरचा डबा काय त्याच्या हाताला लागनार नाय." आमचं म्हणणं अर्थातच उलट. त्या पोराचं काय झालं ते आम्हाला आजही माहीत नाही. आम्हाला नानाशी भांडायचं होतं.

हे फोनवर चाललं होतं तोवर ठीक होतं. मग महिलांची जिल्हा लीग निघाली, सहा संघांची. आणि तिथेही ड्राफ्ट! पालघरला एका हॉलमध्ये यादी लावली, आळीपाळीने संघमालकांनी एकेक नाव घ्यायचं. बोईसरचा संघ घेतला घरत शेठनी. शेठचं हार्डवेअरचं दुकान आहे, नळापासून खिळ्यापर्यंत सगळं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, मुरब्याची तामोरे सोडू नका, पाच फूट अकरा आहे, रिंगखाली उभी राहिली की कुणी फिरकत नाही. शेठचा नंबर आला. शेठ उठले आणि मोठ्या थाटात म्हणाले, "मुरब्याची तामोरे." यादीवाल्याने लिहून घेतलं.

आता मुरब्यात जाऊन 'तामोरे' अशी हाक मारली तर निम्मं गाव ओ देईल, हे शेठला कळायला नको? यादीत दोन तामोरे होत्या. उंच तामोरे आधीच डहाणूच्या संघाने उचलली होती, तेव्हा शेठ बाहेर फोनवर बोलत होते. उरली ती विशाखा तामोरे. गार्ड. उंची पाच फूट एक.

संघाच्या सरावाला ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिथे होतो. खरं सांगतो, मीही हसलो. तिची आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसते, तिला मी ओळखतो. पोरगी आईपेक्षाही बुटकी. खांद्यावरची पिशवी गुडघ्याला लागत होती. शेठ मैदानाच्या कडेला कपाळाला हात लावून उभे होते. "परत पाठवतो हिला," ते मला म्हणाले. "नियम आहे. पहिल्या दोन सामन्यांपर्यंत मालकाला बदली घेता येते." परत पाठवलेल्या पोरीचं काय? मी विचारलं. काय म्हणजे काय, वर्षभर घरी. दुसऱ्या कुठल्या संघात जाता येत नाही.

"मग पाठवा ना," असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात मागून तो आवाज आला.

"शेठ, ह्ये काय आनलंत? मापात नाय! पाच फूट एक! ही बास्केट टाकनार का आधी कुनाच्या खांद्यावर बसनार? स्टूल हाय ह्ये, स्टूल. आजच परत करा."

माझं टाळकंच सरकलं. "नाना," मी म्हटलं, "उंचीवर काय असतं? चपळाई बघा! बुटका खेळाडू बॉल जमिनीलगत ठेवतो, त्याच्याकडून हिसकावता येत नाही. तुम्हाला काय कळतंय?" हे सगळं मी कुठून बोललो देव जाणे. पण एकदा बोललो म्हटल्यावर बोललो.

त्या दिवसापासून नानाला चेव आला. टपरीवर विशाखा, जिन्यात विशाखा, सोसायटीच्या नळावर विशाखा. "आज तिला बघितली. अजून पाच फूट एकच हाय." भाजीवालीला थांबवून सांगायचा, रिक्षावाल्याला सांगायचा. मेहेर तर पेटलाच. "आमच्या गावची पोरगी हाय ती! तुमी कोन तिला स्टूल बोलनारे?" म्हणून त्याने मुरब्यातून माणसं आणायची ठरवली. शुक्लाजींना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनीही जाहीर केलं, "बिटिया जब तक खेलेगी, उसकी चाय मुफ्त. और नानाजी की चाय में शक्कर बंद."

आणि आम्ही सगळे शेठच्या दुकानात. मला वॉशर लागत नव्हता, मी वॉशर घ्यायला गेलो. "शेठ, पोरीला परत पाठवू नका हां, लोकांना आवडणार नाही." माझ्या मागे मेहेर, त्याला खिळे हवे होते. त्याच्या मागे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई. शेठ व्यापारी माणूस. गिऱ्हाईक सकाळ-संध्याकाळ एकच सांगतंय म्हटल्यावर त्यांनी ऐकलं. म्हणाले, "दोन्ही सामने बघू. मग ठरवू."

पहिला सामना पालघरला. काय सांगू! पोरगी पळाली वाऱ्यासारखी, बॉल दोघींच्या मधून काढला, रिंगखाली गेली, उडी मारली, आणि समोरच्या ताडमाड पोरीने नुसता हात वर केला. बॉल थेट प्रेक्षकांत. परत गेली, परत तेच. तिसऱ्या वेळी बॉल तिच्याच तोंडावर आपटला. आमचा आवाज बसला. आणि त्या शांततेत एकच आवाज, "स्टूल आना रे कोनीतरी! पोरीला चढायला स्टूल आना!"

विशाखाने वळून बघितलं नाही. पण तिची आई टोपली बाजूला ठेवून कठड्याजवळ उभी होती, ती वळली. तिने नानाकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर माझ्याकडे वळली असती तर मी जिवंत घरी आलो नसतो.

त्यानंतर नानाला वाळीतच टाकलं म्हणा ना. सोसायटीच्या सत्यनारायणाचा प्रसाद प्रत्येक दारात गेला, त्याच्या दारात गेला नाही. माझी बायको सुनंदा दर रविवारी माशाच्या कालवणाची वाटी वर पाठवायची. एकटा माणूस म्हणून. ती बंद. "पोटच्या पोरीसारख्या पोरीला स्टूल म्हणतो मेला. माझ्या हातचं नाही मिळायचं त्याला." मला म्हणाल तर गुदगुल्या झाल्या. बरं झालं, जिरली, असं मी चारचौघांत म्हटलंसुद्धा.

शेठनी सांगून टाकलं, शनिवारचा दुसरा सामना शेवटचा. हात वर करणारी समोर आली की ही अडते, हे सगळ्यांना कळलंय. तिथे काही जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारी बदली.

गुरुवारी सकाळी सहाला मी मैदानावर गेलो. साखर वाढलीय, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. टपरी अजून उघडली नव्हती. कोर्टावर कुणीतरी हलत होतं. जवळ गेलो आणि थबकलो.

रिंगखाली दिगूनाना उभा होता. लुंगी वर खोचलेली, अंगात गंजी, आणि दोन्ही हातांत जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू, उभा धरलेला. समोरून विशाखा बॉल घेऊन सुसाट यायची आणि नाना तो झाडू उंचावून तिच्या अंगावर धावून जायचा. तिने झाडूवरून बॉल उचलून सोडायचा. बॉल झाडूला लागला की हा ओरडायचा, "खालून गेला! अजून लवकर सोड! मी पोचायच्या आधी!" नाही लागला की, "हां! आता कसं!" आणि परत मागे पळत जाऊन झाडू उचलायचा. पासष्ट वर्षांचा म्हातारा. गुडघे वाजत असतील त्याचे. गंजी घामाने चिंब झाली होती.

"नाना, पाच मिनिटं बसा तरी," ती म्हणाली.

"बसलो तर उटनार नाय. चल, परत."

तेवढ्यात त्याने मला बघितलं. झाडू खाली आला. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं त्याचं. शेवटी पोरीनेच सांगितलं. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी, संघाचा सराव सुरू व्हायच्या आधीच, ती इथे एकटी सराव करत होती. नाना टेप घेऊन रिंगची उंची मोजायला आला होता. दोन सूत कमी भरली म्हणून पुटपुटत होता. "मी म्हटलं, काका, तुमी उंच हाय. जरा हात वर करून उभे ऱ्हाता काय माज्यासमोर? उंच मानूस समोर आला की माजा बॉल अडतो." तेव्हापासून रोज येतो. हातानं पुरेना म्हणून पालघरच्या सामन्यानंतर झाडू आणला.

"आणि टपरीवर स्टूल, स्टूल काय लावलंय मग?" माझा पारा चढला. "सगळ्या गावासमोर पोरीची अब्रू काढता, आणि इथे..."

"तिला सांगून केलंय," नाना म्हणाला. विशाखा मान खाली घालून हसली.

"पण का?"

नाना रिंगच्या खांबाला टेकला. दम खात होता. "सावे, त्या दिवशी शेठ तिला परत पाठवनार होता. तू तिथं होतास. तूबी 'पाठवा' बोलनार होतास, तोंड उघडलं होतंस तू. बगितलं मी. आता मी बोललो असतो, पोरगी चांगली हाय, ठेवा. तर तुमी सगळ्यांनी काय केलं असतं?"

मी पायाने एक खडा ढकलत राहिलो.

"पोपटी रंग," नाना म्हणाला. "तीस वर्सं झाली, सावे. मी ज्याची बाजू घेतली ते बुडालं. कंपनीत, सोसायटीत, कुठंबी. म्हनून मी तिच्या विरुद्ध उभा ऱ्हायलो. बग, एका दिवसात अख्खं बोईसर तिच्या बाजूनं झालं का नाय?"

आम्हाला वाटत होतं आम्ही याला धडा शिकवतोय. हा आम्हाला कधीचा हाकत होता.

"तुम्हाला खरंच वाटतं ती खेळेल?" मी विचारलं.

"बारकी हाय," नाना म्हणाला. "पाच फूट एकच हाय. मी खोटं थोडंच बोलतोय? नुसतं जोरात बोलतोय." मग दुसरीकडे बघत म्हणाला, "मला आजवर सगळ्यांनी 'निघा आता' सांगितलं. ही म्हनाली, उभे ऱ्हा. उभा ऱ्हायलो." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "कोनाला सांगू नको हां. शनिवारी मी लय वाईट बोलनार हाय. तूबी नीट उलट बोल. मागच्या वेळी तुज्या आवाजात दम नव्हता."

शनिवारी बोईसरचं मैदान भरलं. मेहेरने मुरब्याहून दोन टेम्पो भरून माणसं आणली होती. कोळणी पुढच्या रांगेत. आणि कडेला, सगळ्यांपासून दहा हात लांब, नाना. त्याच्या बाजूला उभं राहायला कुणी तयार नव्हतं.

पहिला अर्धा तास जेमतेम. मग नाना सुरू झाला. "परत पाठवा! मापात नाय!" कोळणी उठून उभ्या राहिल्या, त्यांनी नानाला जे सुनावलं ते छापता येणार नाही. सगळं मैदान विशाखाच्या नावाने ओरडायला लागलं. मीही ओरडलो. घसा फाटेपर्यंत ओरडलो, "नाना, तोंड बंद करा!" आणि डोळ्यांत पाणी आलं. शेजारी मेहेर म्हणाला, "सावेभाऊ, एवढा राग चांगला नाय, बीपी वाढंल."

विशाखा बॉल घेऊन आली. समोर तीच उंच तामोरे, डहाणूची, पाच फूट अकरा. तिने हात वर केला. विशाखाने ती पोचायच्या आत, तिच्या बोटांच्या वीतभर वरून, बॉल उचलून सोडला. आत! पुन्हा आली, पुन्हा तेच. शेवटी उंच तामोरे दोन पावलं मागे सरकून उभी राहायला लागली, तर हिने बाजूला पास दिला. सामना आम्ही जिंकलो. शेठनी तिथेच हात वर करून सांगितलं, "पोरगी इथेच राहणार!"

पेढे निघाले. शेठ स्वतः वाटत होते. नानाजवळ आले, त्याचा हात थोडा पुढे झाला होता, शेठ वळसा घालून पुढे गेले. कुणीतरी ओरडलं, "काय नाना, आता स्टूल कोन?" सगळे हसले. विशाखा कोर्टावरून त्याच्याकडे निघाली, तशी त्याने नजरेनेच तिला दटावलं. येऊ नको. ती थांबली. आईने तिला मिठी मारली. नाना मान पुढे काढून एकटा फाटकातून बाहेर गेला.

संध्याकाळी मी वर जाऊन म्हटलं, आता तरी सांगू या सगळ्यांना. तो माझ्या अंगावरच आला. "येडा हायस काय? अजून तीन सामने हायेत. एक वाईट गेला की तुमी लगेच तोंड फिरवाल. गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी रविवार. सुनंदाने हलवा माशाचं कालवण केलं होतं. मी म्हटलं, एक वाटी वर पाठव. "त्याला? मी जिवंत असेपर्यंत नाही." मला काही सांगता येईना. माझं ताट वाढून झालं होतं. ते तसंच उचललं, वर आणखी दोन तुकडे घेतले आणि जिना चढलो.

नानाने दार उघडलं, ताटाकडे बघितलं. "तिच्या आयशीकडचा मासा काय?"

"हो."

"ताजा दिसतोय," तो म्हणाला. फिकट पिवळ्या रंगानंतर त्याच्या तोंडून कुठल्याही वस्तूबद्दल ऐकलेला हा पहिला चांगला शब्द. आत आलो, जमिनीवर बसलो. मी म्हटलं, नाना, तुमचं ताट आणा, अर्धं अर्धं घेऊ. माझ्यासमोर हे ताट राहू दे, तुम्ही तुमच्यात घ्या. नाना उठला, स्वयंपाकघरात गेला, बराच वेळ उभा राहिला आणि रिकाम्या हाताने परत आला. त्याचं ताट सकाळचं खरकटं पडलं होतं, अजून घासायचं होतं.

"दुसरं एखादं आणा की," मी म्हटलं.

"दुसरं नाय," नाना म्हणाला. "लागलं नाय कदी."